नावं संपेपर्यंत उठू नका: 'स्पार्टाकस'च्या चाहत्यांना खुले पत्र

'स्पार्टाकस'वर जीव टाकणाऱ्या सर्व मराठी मित्रमैत्रिणींनो,

स. न. वि. वि.

हे पत्र लिहायला एक लग्न कारण झालं. गेल्या महिन्यात इचलकरंजीला नवऱ्याच्या जुन्या मित्राच्या भावाचं लग्न होतं. जेवणं उरकली, पानं आली आणि मांडवाच्या मागे खुर्च्या गोल करून डिप्लोमाच्या हॉस्टेलची सगळी टोळी बसली. विषय निघाला 'हाऊस ऑफ अशुर'चा, म्हणजे रोमविरुद्ध बंड करणाऱ्या गुलाम ग्लॅडिएटरच्या आपल्या 'स्पार्टाकस' मालिकेतून निघालेल्या नव्या मालिकेचा. डिसेंबर २०२५मध्ये ही नवी मालिका सुरू झाल्यापासून आपल्यातल्या प्रत्येकाला तिच्याबद्दल काहीतरी म्हणायचंच आहे. पण अशुर बाजूलाच राहिला. पाच मिनिटांत सगळे पंधरा वर्षांपूर्वीच्या भांडणावर आले. खरा स्पार्टाकस कोण, आधी ती भूमिका करणारा अँडी व्हिटफिल्ड की त्याच्यानंतर आलेला लियाम मॅकिन्टायर? आवाज चढले. एक जण म्हणाला, "लियाम म्हणजे बदली कामगार रे. हजेरी लावून गेला." सगळे हसले. माझा नवरा हसला नाही. पाणी पिऊन येतो म्हणून उठला तो बराच वेळ परत आलाच नाही.

तो का उठला ते मला माहीत होतं. तेच तुम्हाला सांगायचं आहे.

आधी माझ्याविषयी थोडं सांगते, म्हणजे कुणी बाहेरची बाई येऊन उपदेश करतेय असं वाटायला नको. मी शाळेत इतिहास शिकवते. २०१४मध्ये आमचं लग्न झालं तेव्हा नवऱ्याच्या सामानात एक हार्ड डिस्क होती. तिच्यात पहिल्या सीझनचे, 'ब्लड अँड सँड'चे, तेरा भाग होते आणि 'गॉड्स ऑफ द अरीना'चे सहा. पुढचं काहीच नव्हतं. मी विचारलं तेव्हा म्हणाला, "पुढचं मी बघत नाही." भाऊबंदकी झालेल्या घराविषयी माणसं बोलतात ना, तिथलं पाणीही पीत नाही म्हणून, तसा त्याचा सूर होता.

पहिले दोन भाग बघून मी वैतागले होते. मालिकेची सुरुवात कच्ची आहे, हे आपण चाहत्यांनीच मोकळेपणानं मान्य करावं. रक्ताचे शिंतोडे रंगवल्यासारखे उडतात, प्रत्येक वार संथ गतीनं दाखवतात, आणि दाराला कडी लावल्याशिवाय बघता येऊ नये अशी दृश्यं एकामागून एक येतात. पहिला अर्धा सीझन मी आवाज बंद करून, खालच्या ओळी वाचत काढला. "पाचव्या भागापर्यंत थांब," नवरा म्हणायचा. तुम्हीही नव्या माणसाला हेच सांगता, आणि ते खरंच आहे. एकमेकांचं तोंड न बघणारे स्पार्टाकस आणि क्रिक्सस पाचव्या भागात थिओकोलीस या अजिंक्य मानलेल्या योद्ध्यासमोर एकत्र उभे राहतात, तिथून मालिका हातातून सोडवत नाही.

आणि मग दहावा भाग. व्हॅरो आठवतो ना? जुगाराचं कर्ज फेडायला आपण होऊन ग्लॅडिएटर झालेला तो मनमोकळा गडी. रोममध्ये अशी माणसं खरोखर होती. स्वतंत्र नागरिक असून शपथेनं स्वतःला मालकाच्या हवाली करायची, मुदत भरेपर्यंत आखाड्यात लढायची. त्यांना 'ऑक्टोराटस' म्हणत. व्हॅरोच्या घरी बायको आहे, मूल आहे, आणि आखाड्यात स्पार्टाकससारखा जिवाचा मित्र आहे. एका बड्या घरच्या पोराच्या वाढदिवसाला करमणूक म्हणून या दोघांना समोरासमोर उभं करतात आणि मिसरूडही न फुटलेला तो पोरगा अंगठा खाली करतो. अँडीच्या चेहऱ्यावर त्या वेळी जे उमटतं ते सांगायला माझ्याकडे शब्द नाहीत. हा भाग संपला तेव्हा हॉस्टेलमध्ये मेसची वेळ टळून गेली तरी कुणी खोलीबाहेर पडलं नव्हतं, असं नवरा सांगतो. त्या पोरांनी अँडीला आपला मानला तो त्या रात्रीपासून.

अँडीची कहाणी तुम्हाला पाठ आहे. तरी तारखा ओळीनं मांडते, कारण भांडणात त्या मागेपुढे होतात आणि सगळा घोळ तिथेच होतो. मालिका २२ जानेवारी २०१० रोजी अमेरिकेत स्टार्झ वाहिनीवर सुरू झाली. पहिला सीझन अजून संपायचा होता तेव्हाच, मार्चमध्ये, अँडीला नॉन-हॉजकिन लिम्फोमाचं, म्हणजे लसिकाग्रंथींच्या एका कॅन्सरचं, निदान झालं. लगेच दुसरा माणूस आणला नाही. दुसरा सीझन थांबवला आणि मधल्या काळात त्याच्याशिवाय होईल अशी आधीच्या काळातली सहा भागांची गोष्ट रचली, तीच 'गॉड्स ऑफ द अरीना'. गॅनिकस हा ग्लॅडिएटर आपल्याला मिळाला तो अँडीसाठी थांबण्याच्या त्या काळात. जूनमध्ये अँडी बरा झाल्याची बातमी आली, सप्टेंबरमध्ये आजार उलटला. मग अँडीनं स्वतः मन मोठं करून दुसऱ्या नटाला आशीर्वाद दिला. जानेवारी २०११मध्ये लियामचं नाव जाहीर झालं, तेव्हा अँडी हयात होता. ११ सप्टेंबर २०११ला तो सिडनीत गेला. वय ३९. मागे बायको आणि दोन लहान मुलं. लियाम पडद्यावर दिसला तो जानेवारी २०१२मध्ये.

म्हणजे अँडीच्या माघारी कुणी त्याची जागा बळकावलेली नाही. ज्याची जागा, त्यानंच ती दुसऱ्याच्या हाती दिली. एवढं आपल्याला माहीत असताना आपण अँडीच्या नावानं लियामला बोल लावतो.

माझा नवराही लावायचा. २०१७पर्यंत.

तो कुपवाडच्या एमआयडीसीत टर्नर आहे, सीएनसी लेथवर. त्या वर्षी पावसाळ्यात त्याच्या गळ्याशी गाठ आली. दुखत नव्हती म्हणून महिनाभर अंगावर काढली. मग बायोप्सी, मग मिरजेला डॉक्टरांसमोर बसलेले आम्ही दोघं. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं. जिना उतरताना, मधल्या वळणावर थांबून, तो मला म्हणाला, "अँडीला झाला होता तोच." पुढे घरी येईपर्यंत आम्ही दोघं काहीही बोललो नाही.

दर एकवीस दिवसांनी एक असे सहा केमो झाले. दुसऱ्या केमोनंतर केस गेले. त्याच सुमारास कारखान्यातले मित्र भेटायला आले. त्याच्या मशीनवर जत भागातला एक नवा मुलगा लावला होता. मित्र मोठ्या अभिमानानं सांगत होते, "तुझ्या मशीनला तो नीट हात लावेल तर शपथ. आम्ही त्याला काही सांगत नाही. चहालासुद्धा बोलवत नाही. तू ये, मग बघू." त्यांना वाटलं, नवऱ्याला बरं वाटेल. तो भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. मित्र गेल्यावर मला म्हणाला, "त्या पोरानं काय केलंय? माझ्या मशीनवर बसलाय, माझ्या उरावर नाही." रात्री त्यानं सुपरवायझरकडून त्या मुलाचा नंबर घेतला. लॉकरमध्ये खालच्या कप्प्यात निळ्या पुठ्ठ्याची वही आहे, तीत सगळे ऑफसेट लिहिलेत, चकचा एक जॉ जरा सैल आहे तो तेवढा सांभाळ, असं वीसेक मिनिटं बोलत होता. मध्येच धाप लागायची तेव्हा थांबायचा. दुसऱ्या दिवशी मित्रांना फोन करून बजावलं, त्याला चहाला घेऊन जात जा.

त्याच आठवड्यात म्हणाला, "पुढचा स्पार्टाकस आण कुठून तरी. बघूया."

लियामचा पहिला भाग त्यानं पलंगावर, पाठीशी दोन उशा घेऊन पाहिला. मी त्याच्या तोंडाकडे बघत होते. अर्ध्या तासानं म्हणाला, "यालाही कुणी चहाला बोलावलं नसणार."

बस्स, एवढंच बोलला. पण त्या दिवसापासून आमच्या घरात अँडी की लियाम हा प्रश्न संपला.

नवरा बरा झाला. २०१८च्या फेब्रुवारीत कामावर गेला. तो मुलगा आता शेजारच्या मशीनवर आहे आणि दिवाळीला आमच्या घरी फराळाला येतो. अँडी बरा झाला नाही. औषध तेच, आशा तीच, आणि एकाला वाट मिळाली, दुसऱ्याला नाही. याचा अर्थ मला लागत नाही आणि मी तो लावायला जात नाही. बरा होणार या भरवशावर अँडीनं आपल्या उपचारांचं चित्रण करू दिलं होतं. त्याचा 'बी हिअर नाऊ' हा माहितीपट २०१५मध्ये आला. आमच्या घरी तो दोघांनी एकत्र बघण्याचं धाडस अजून झालेलं नाही.

आता नटाच्या कामाविषयी माझं मत सांगते, ते तुम्हाला पटलंच पाहिजे असं नाही. अँडीचे डोळे लियामकडे नाहीत. बायकोसाठी झुरणारा, एकटा पडलेला, आतून धुमसणारा माणूस अँडीइतका कुणालाच जमला नसता. क्रिक्ससच्या ढालीवर पाय देऊन सज्जावर झेप घेणारा तो पहिल्या सीझनचा शेवट आठवला की आजही माझ्या अंगावर काटा येतो. पण लियामला मिळालेला स्पार्टाकस निराळा आहे. त्याच्यामागे हजारो माणसं आहेत, बायका आहेत, म्हातारे आहेत. त्याला धान्य मोजायचं आहे, आपसातली भांडणं मिटवायची आहेत, बर्फात माणसं मरताना बघायची आहेत. 'वॉर ऑफ द डॅम्ड' हा शेवटचा सीझन चारही सीझनमधला सर्वांत भक्कम लिहिलेला सीझन आहे असं मला वाटतं, आणि त्याचं ओझं लियामनं शेवटपर्यंत वाहिलं. एकानं घराचा पाया घातला आणि दुसऱ्यानं छप्पर चढवलं. आपण मात्र छप्पर बघून पाया चांगला होता असं म्हणत बसतो.

चाहत्यांनी भांडूच नये असं मी म्हणत नाही. जीव लावल्याशिवाय कुणी भांडत नाही, आणि ग्लॅडिएटरांच्या चाहत्यांची भांडणं तर दोन हजार वर्षं जुनी आहेत. पॉम्पेईच्या भिंतींवर तिथल्या लोकांनी खरवडून ठेवलेला मजकूर आजही वाचता येतो. सेलॅडस नावाच्या ग्लॅडिएटरला पाहून पोरी कशा उसासे टाकतात ते एकानं लिहून ठेवलंय. त्याच पॉम्पेईच्या रंगमंडलात इसवी सन ५९मध्ये गावचे लोक आणि शेजारच्या न्युसेरियाचे लोक एकमेकांना टोमणे मारता मारता दगडांवर आले, दगडांवरून शस्त्रांवर. कित्येक जण मेले. रोमन इतिहासकार टॅसिटसनं हे नोंदवलंय. पॉम्पेईला दहा वर्षं असे खेळ भरवायची बंदी झाली. त्या दंगलीचं भित्तिचित्र नेपल्सच्या संग्रहालयात आहे. मी ते वर्गात मुलांना दाखवते तेव्हा मुलं विचारतात, "बाई, पण मॅच कोण जिंकलं?" ते कुणीच लिहून ठेवलेलं नाही. लोक लक्षात ठेवतात ते भांडण.

लियामपेक्षाही आपण जास्त अन्याय केला तो क्रिक्ससच्या प्रेयसीवर, नेव्हियावर. पहिल्या सीझनमध्ये लेस्ली-ॲन ब्रँट होती, लियामच्या पहिल्या सीझनपासून, 'व्हेंजन्स'पासून, सिंथिया अडाई-रॉबिन्सन आली. नटी बदलली म्हणून राग, आणि व्यक्तिरेखा बदलली म्हणून त्याहून मोठा राग. "ती गोड नेव्हिया कुठे गेली? ही सारखी चिडलेली असते, हिच्यामुळे क्रिक्सस मेला." लग्नातल्या त्या खुर्च्यांवरूनही हे ऐकलं. अरे, तिच्यावर काय गुदरलं ते आपण सगळ्यांनी पाहिलंय ना? मालकानं तिला बक्षीस म्हणून आखाड्यातल्या कारस्थानी अशुरच्या हवाली केलं. मग एका हवेलीतून दुसऱ्या हवेलीत, हातोहात, आणि शेवटी खाणीत. तिथून सोडवून आणलेली बाई पुन्हा पहिल्यासारखी खाली मान घालून हसेल, अशी अपेक्षा आपण कशाच्या जोरावर करतो? ती क्रिक्ससला म्हणते मला लढायला शिकव. तिचे हात थरथरतात, तलवार धड धरता येत नाही. आणि 'व्हेंजन्स'च्या अखेरीस अशुरशी ती स्वतः लढते आणि त्याची मान उतरवते. एका घावात नाही, कारण तिला ते सफाईनं येत नाही. मालिका बनवणाऱ्यांनी ते मुद्दाम तसं दाखवलं, आणि माझ्या मते ते या मालिकेतलं सर्वांत खरं दृश्य आहे. त्या वेळी आपल्यातल्या बऱ्याच जणांना हळहळ वाटली ती अशुरसाठी. "काय बेरकी कॅरेक्टर होतं राव!" अशुर झालेल्या निक टॅराबेनं काम अप्रतिम केलंय, त्यात शंकाच नाही. पण नेव्हियाला शिव्या आणि अशुरबद्दल हळहळ, हे गणित मला आजही सुटत नाही.

आणि आता नेमकी तीच मान पुन्हा धडावर आली आहे. 'हाऊस ऑफ अशुर'मध्ये अशुर मेलाच नाही असं धरून चालायचं. रोमनांना मदत केल्याबद्दल त्याला बटियाटसचाच, म्हणजे स्पार्टाकसच्या जुन्या मालकाचाच, आखाडा मिळालाय. मालिकेचे कर्ते स्टीव्हन डीनाइट यांनी ही कल्पना काढली तेव्हा मला राग आला होता, लपवत नाही. नेव्हियानं जे केलं ते पुसून टाकल्यासारखं वाटलं. तुम्हाला राग येत असेल तर तो मला समजतो. पण आपल्यातल्या अनेकांचा राग त्याबद्दल नाहीच. राग आहे अकिलियाबद्दल. "बाई ग्लॅडिएटर? काहीही घुसवतात. इतिहासाची वाट लावली."

इतिहासाचंच म्हणता, तर माझं ऐका. आजच्या तुर्कस्तानात बोद्रुम आहे, तिथलं जुनं शहर हॅलिकार्नासस. तिथे सापडलेला एक संगमरवरी शिल्पपट आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. दोन ग्लॅडिएटर बायका समोरासमोर, हातात ढाल-तलवार, पायांना पट्ट्या. खाली दोघींची नावं कोरलेली आहेत, ॲमेझॉन आणि अकिलिया. वर लिहिलंय की दोघींनाही मानानं सोडण्यात आलं. नाव तेच, अकिलिया. इसवी सन २०० च्या सुमारास सम्राट सेप्टिमियस सेव्हेरसनं बायकांच्या अशा लढतींवर बंदी घातली. नसलेल्या गोष्टीवर कुणी बंदी घालत नाही. तो शिल्पपट स्पार्टाकसच्या काळाच्या शे-दोनशे वर्षं नंतरचा आहे, ही शंका काढलीत तर ती रास्त आहे, आणि त्यावर मी तुमच्याशी तासभर आनंदानं वाद घालेन. पण मुळात 'बाई लढूच शकत नाही' हे इतिहासाच्या नावावर खपवू नका. 'हाऊस ऑफ अशुर'ची गोष्टच मुळी "असं झालं असतं तर" या पायावर उभी आहे. मेलेला अशुर जिवंत झालेला आपल्याला चालतो आणि बाईच्या हातातली तलवार तेवढी खुपते, याचा एकदा स्वतःशीच विचार करा.

मालिकेतला प्रत्येक प्रसंग घडलेला आहे, असं सांगणारेही भेटतात. तसं नाही. स्पार्टाकसबद्दल प्राचीन काळात जे लिहिलं गेलं ते सगळं मिळून थोडकी पानं होतील. त्यातली मुख्य प्लुटार्क आणि ॲपियनची. दोघंही घटनेनंतर साधारण पावणेदोनशे ते सव्वादोनशे वर्षांनी लिहिणारे. एकाही गुलामानं लिहिलेली एकही ओळ आपल्याकडे नाही. इसवी सन पूर्व ७३मध्ये कापुआच्या आखाड्यातून अठ्ठ्याहत्तर जण स्वयंपाकघरातल्या सुऱ्या आणि भाजायच्या सळया घेऊन निसटले, हे प्लुटार्क सांगतो. व्हेसुव्हियसवर कोंडी झाली तेव्हा रानवेलींच्या शिड्या वळून ते कड्यावरून खाली उतरले आणि रोमन सरदार ग्लेबरच्या फौजेला मागून गाठलं, हेही जुन्या लिखाणात आहे. क्रिक्सस, ओनोमाऊस, गॅनिकस ही खरी माणसं. क्रिक्सस आधी पडला आणि त्याच्या अंत्यविधीला स्पार्टाकसनं रोमन कैद्यांचे प्राण घेतले, हेही नोंदलेलं आहे. पण सीझर वेष पालटून बंडखोरांत शिरला वगैरे सगळी रचलेली गोष्ट. आणि त्याची बायको सुरा? बायको होती, थ्रेस या त्याच्याच मुलखातली होती, भविष्य सांगायची, एवढं प्लुटार्क लिहितो. तिचं नाव तो लिहीत नाही. 'सुरा' हे नाव मालिकेनं ठेवलं.

इथे माझ्यातली शिक्षिका आणि चाहती एकाच जागी येऊन थांबतात. मालिकेत स्पार्टाकस हे त्याचं स्वतःचं नाव नाही, हे लक्षात आहे ना? ते बटियाटसनं दिलेलं, थ्रेसच्या एका जुन्या राजाचं नाव. त्याचं खरं नाव त्याची बायको जाणते, आणि तिच्या तोंडून आपण ते एकदाही ऐकत नाही. मरताना तो म्हणतो की हे माझं नाव नव्हे, माझं नाव मी आता तिच्याच तोंडून ऐकेन. त्याच शेवटच्या भागात बंडखोर ठिकठिकाणी छापे घालतात आणि रोमन सेनापती क्रॅससला चकवायला विचारणाऱ्या प्रत्येकाला आपण स्पार्टाकस असल्याचं सांगतात. बनवणाऱ्यांच्या हातून एक नट गेला होता आणि दुसऱ्यानं तेच नाव घेतलं होतं. त्यांनी हे लिहिताना अँडी आणि लियाम दोघंही मनात असणार, असं मला राहून राहून वाटतं. नाव एकानं ठेवून घ्यायचं नसतंच. ॲपियन सांगतो, इसवी सन पूर्व ७१मधल्या अखेरच्या लढाईनंतर स्पार्टाकसचा देह सापडला नाही. सहा हजार कैदी मात्र सापडले. क्रॅससनं त्यांना कापुआपासून रोमपर्यंत, आपिया रस्त्याच्या कडेनं, क्रुसांवर लटकवलं. अंतर साधारण २०० किलोमीटर, म्हणजे दर तेहतीसेक मीटरवर एक माणूस. त्या सहा हजारांपैकी एकाचंही नाव कुणी लिहून ठेवलेलं नाही.

एक गोष्ट जाता जाता. ॲग्रॉन आणि नासिर या एकमेकांवर प्रेम करणाऱ्या दोन बंडखोर पुरुषांवरून हॉस्टेलमध्ये ज्या थट्टा व्हायच्या, त्या अजून चालू आहेत. आमच्या ओळखीतला एक जण त्या खुर्च्यांमध्ये नेहमी बसायचा आणि थट्टेत कधीच सामील व्हायचा नाही. का, ते त्यानं आम्हाला फार वर्षांनी सांगितलं. ते दोघं शेवटपर्यंत जगले हे पाहून त्या रात्री तो एकटा गच्चीत जाऊन रडला होता. पुढच्या वेळी बोलताना शेजारी कोण बसलंय याचं भान ठेवा.

आता माझी विनंती, जिच्यासाठी हा सगळा पसारा.

'वॉर ऑफ द डॅम्ड'चा शेवटचा भाग, 'व्हिक्टरी', १२ एप्रिल २०१३ रोजी दाखवला गेला. गोष्ट संपते, पाऊस पडतो, उरलेली माणसं डोंगर ओलांडून निघून जातात. मग श्रेयनामावली लागते. काळ्या पडद्यावर नुसती नावं सरकत नाहीत. चारही सीझनमधले चेहरे एकेक करून येतात, आधी मेलेले, मधेच गेलेले, सगळे. आणि सर्वांत शेवटी, लियामच्याही नंतर, अँडी येतो. पहिल्या सीझनमधला. तो ओरडून आपण स्पार्टाकस असल्याचं सांगतो आणि पडदा काळा होतो.

शेवटचा शब्द त्यांनी अँडीला दिला. ज्या मालिकेत लियाम दोन सीझन राबला, तिच्या अखेरच्या क्षणी त्याच्याऐवजी दुसऱ्याचा चेहरा आहे.

आम्ही ते २०१७च्या नोव्हेंबरमध्ये पाहिलं. पाचवा केमो होऊन चार दिवस झाले होते. अँडी दिसला तसा नवरा उशीवरून सरळ उठून बसला आणि पडदा काळा झाल्यावरही तसाच बसून होता. मग म्हणाला, "थांबले की गं ते त्याच्यासाठी."

माझ्या शाळेतल्या एका तरुण सहकाऱ्यानं चारही सीझन दोनदा पाहिलेत, तेही अलीकडेच, मोबाइलवर. लियामवर तोही तोंडसुख घेतो. मी त्याला हा शेवट विचारला तर त्याला माहीतच नव्हता. कारण ॲपवर नावं सुरू झाली की चौकट आकसून कोपऱ्यात जाते, मोजकेच सेकंद उलटतात आणि दुसरंच काहीतरी सुरू होतं. त्यानं अँडीला शेवटचं पाहिलेलंच नाही. तुमच्यातल्या किती जणांचं असं झालं असेल?

तेव्हा या रविवारी एवढं करा. शेवटचा भाग लावा. रिमोट हातात ठेवा. चौकट लहान होऊ लागली की लगेच तिच्यावर जाऊन बटण दाबा, ती पुन्हा मोठी होते. मोबाइलवर असाल तर त्या कोपऱ्यातल्या चित्रावर बोट ठेवा. अँडी येईपर्यंत कुणाला उठू देऊ नका. लग्नात बदली कामगार म्हणणारा तो मित्र हे वाचत असेल, तर त्यानंही बघावं, आणि बघून झालं की माझ्या नवऱ्याला फोन करावा. तो रात्रपाळीला आहे, अकराच्या चहाला मोकळा असतो.

आपली,
मिरजेची एक चाहती